खड्ड्यात पडणारा ई.टी.

पडद्यावर हिरवंगार मैदान आणि त्यात लांब मानेचा एक बुटका जीव. तळाशी ९९९९ हा आकडा, त्याच्या प्रत्येक पावलागणिक कमी होणारा. जॉयस्टिक बाजूला दाबली की तो चालत कडेपर्यंत जातो, पडदा बदलतो, आणि नव्या जागी दोन पावलं टाकतो न टाकतो तोच खड्ड्यात पडतो. मग बटण दाबायचं, जॉयस्टिक वर करायची. तो मान लांबवतो आणि सावकाश तरंगत वर येतो. वर आल्यावर जॉयस्टिक जरा चुकीच्या बाजूला राहिली की पुन्हा त्याच खड्ड्यात.

१९८२च्या नाताळात अमेरिकेतल्या कितीतरी घरांत हेच चाललं होतं. व्हिडिओ गेम खेळायच्या अटारी २६०० या घरगुती यंत्राचं ते कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची डबी. नाव ‘ई.टी. द एक्स्ट्रा-टेरेस्ट्रियल’. त्याच वर्षी ११ जूनला स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा आला होता. पृथ्वीवर चुकून मागे राहिलेला परग्रहावरचा जीव, त्याला घरात लपवून ठेवणारा एलियट नावाचा मुलगा, आणि घरी फोन लावायची त्या जीवाची धडपड. आईवडील आणि मुलं एकत्र जाऊन रडली असा तो सिनेमा. मी तो कित्येक वर्षांनी भाड्याच्या कॅसेटवर पाहिला आणि मीही रडले.

सर्वांत वाईट व्हिडिओ गेम कोणता, अशी यादी कुठेही निघाली की त्यात ई.टी.चं नाव असतंच, बहुतेकदा वरच्याच जागी. खेळ निराश करतो हे मी नाकारत नाही. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तो पहिल्यांदा लावला तेव्हा मीही थोड्याच वेळात वैतागून बंद केला होता. पण तो निराश का करतो, याचं जे कारण सर्रास सांगितलं जातं, की प्रोग्रामरने घाईत काहीतरी खरडून दिलं, ते मला पटत नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कुठे मोडतात हे शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्या नजरेनं पाहिलं की या खेळात एक विचार दिसतो, मेहनत दिसते, आणि एक नेमकी उणीव दिसते. ती उणीव कुठून आली, हे सांगण्यासाठी हा लेख.

खेळ बनवणाऱ्याचं नाव हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ. १९८१च्या सुरुवातीला तो अटारीत लागला. त्याचा पहिला खेळ ‘यार्स रिव्हेंज’ आजही अटारी २६००च्या उत्तम खेळांमध्ये गणला जातो. दुसरा होता ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’, स्पीलबर्गच्याच सिनेमावरचा, आणि तो स्पीलबर्गला आवडला होता. म्हणजे ई.टी. कुणा नवख्याच्या गळ्यात मारलेला नव्हता. तेव्हाच्या सगळ्यात हुशार पोरांपैकी एकाच्या हातात तो दिला गेला होता.

वरच्या पातळीवर जे घडलं ते असं. अटारी ही वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची कंपनी. वॉर्नरचा प्रमुख स्टीव्ह रॉस याला स्पीलबर्गशी संबंध जोडायचे होते, आणि त्याने ई.टी.वर खेळ काढायचे हक्क मिळवले. त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं, १९८२च्या मानाने डोळे फिरवणारी रक्कम. अटारीचा प्रमुख रे कासार याला ही कल्पनाच पसंत नव्हती, तसं त्याने रॉसला सांगितलंही होतं. पण सौदा झाला होता. बोलणी होता होता जुलै संपत आला, आणि खेळ नाताळच्या खरेदीला दुकानांत हवा होता. कार्ट्रिज कारखान्यात बनायची, खोक्यांत भरायची, देशभर पाठवायची. तो सगळा वेळ मागे मोजत गेलं की कोड हातात यायची तारीख १ सप्टेंबर निघत होती. कासारने वॉरशॉला फोन केला २७ जुलैला.

पाच आठवडे आणि एक दिवस. तेव्हा अशा एका खेळाला सहा-सात महिने सहज लागत.

आपल्याकडे दिवाळी अंक काढणाऱ्या कुणालाही ही गणितं समजावून सांगावी लागणार नाहीत. लक्ष्मीपूजन उलटल्यावर छापून आलेला अंक कितीही चांगला असला तरी गठ्ठ्यातच राहतो. म्हणून तारीख हलत नाही, लेखक हलतो, मुद्रितशोधक हलतो. पण दिवाळी अंकाच्या संपादकाला दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी माहीत असतं. वॉरशॉला ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सांगितलं गेलं.

त्याने हो म्हटलं. मोबदला दोन लाख डॉलर आणि हवाईची सहल ठरला, असं नोंदलं गेलं आहे. दोन दिवसांत आराखडा तयार करून तो खासगी विमानाने स्पीलबर्गला भेटायला गेला. स्पीलबर्गने सगळं ऐकून घेतलं आणि पॅक-मॅनसारखं काही करता येणार नाही का, असं विचारलं. ही सूचना मानली असती तर काम सोपं झालं असतं: भूलभुलैयात ई.टी. गोळ्या खात फिरतो, मागे माणसं लागली आहेत. पाच आठवड्यांत ते नीट बसलं असतं, विकलंही गेलं असतं. वॉरशॉला ते उसनं वाटलं. सिनेमातली घरी परतायची ओढ खेळात आणायची असं त्याने ठरवलं होतं, आणि तो त्यावर ठाम राहिला.

मला हा माणूस इथेच आवडायला लागतो.

आता यंत्राबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अटारी २६०० हे १९७७चं यंत्र. त्याची काम करायची मेमरी १२८ बाइट. किलोबाइट वगैरे काही नाही, नुसते बाइट. आज आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो तेव्हा यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे या पूर्ण यंत्राच्या मेमरीत ४२ चिन्हं मावतील. या परिच्छेदातलं एखादं लांब वाक्यसुद्धा त्यात बसणार नाही. एवढ्या जागेत ई.टी. कुठे आहे, त्याची शक्ती किती उरली, फोनचे तुकडे कुठल्या खड्ड्यांत आहेत, मागे कोण लागलंय, हे सगळं लक्षात ठेवायचं.

शिवाय या यंत्रात पूर्ण चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. टीव्हीतला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक आडवी ओळ काढत खाली येतो, आणि प्रोग्रामरने त्या झोताच्या वेगाने, ओळ सुरू व्हायच्या आत, त्या ओळीत काय दिसायला हवं ते चिपला सांगायचं. एका ओळीला प्रोसेसरची ७६ चक्रं मिळतात. त्यात बसलं तर चित्र, नाही बसलं तर पडदा विस्कटतो. खेळाचे नियम, गुण, आवाज यांचा बराचसा हिशेब दोन चित्रांच्या मधल्या फटीत उरकायचा. वॉरशॉच्या घरी कंपनीने कोड लिहायचं यंत्र आणून बसवलं होतं, म्हणजे ऑफिसातून घरी आल्यावरही काम चालू राहील. ई.टी. आणि इतर चित्रांच्या कामात जेरोम डोमुरात हा चित्रकार सोबत होता. सुरुवातीला पडद्यावर येणारा ई.टी.चा मोठा चेहरा आणि सोबत वाजणारी सिनेमातली धून आजही बघण्यासारखी आहे. त्या यंत्रावर असं चित्र काढणं म्हणजे खरोखर कसब होतं.

आणि खेळ काय आहे? कुणाला मारायचं नाही. बंदूक नाही, शत्रूचे थवे नाहीत. सहा पडदे आहेत, एका घनाच्या सहा बाजू जोडाव्यात तसे जोडलेले: चार खड्ड्यांचे, एक जंगल, एक शहर. फोनचे तीन तुकडे खड्ड्यांत पडलेत. ते शोधायचे, ठरावीक जागी जाऊन घरी फोन करायचा, आणि वेळेत जंगलात परत जाऊन यान गाठायचं. ई.टी. जिथे उभा असेल त्यानुसार वरच्या पट्टीत एक चिन्ह दिसतं, आणि बटण दाबलं की तिथली शक्ती वापरता येते. कुठे शेजारच्या पडद्यावर झटकन जाता येतं, कुठे मागे लागलेल्या माणसांना हाकलता येतं, कुठे कुठल्या खड्ड्यात तुकडा आहे ते कळतं, कुठे एलियटला बोलावता येतं. वाटेत कँडीचे ठिपके पडलेले असतात. नऊ गोळा करून एलियटला दिले की तो फोनचा एक तुकडा आणून देतो. सरकारी माणसाने गाठलं की तो तुकडा हिसकावतो, शास्त्रज्ञाने गाठलं की तो पकडून शहरात नेतो. एका खड्ड्यात सुकलेलं फूल असतं, ते जिवंत करता येतं. आणि क्वचित त्या फुलातून वॉरशॉच्या पहिल्या खेळातला ‘यार’ नावाचा माशीसारखा जीव उडत बाहेर येतो. अटारी तेव्हा प्रोग्रामरचं नाव खोक्यावर छापत नसे. याच कारणावरून वैतागून काही जणांनी १९७९मध्ये अटारी सोडून अ‍ॅक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली होती. जे राहिले ते आपली खूण अशी कोडमध्ये लपवून ठेवायचे.

मोकळं फिरता येईल असं जग, दर वेळी वेगळ्या जागी लपलेल्या वस्तू, मैत्रीतून मिळणारी मदत, हिंसेचा मागमूस नाही. १९८२मध्ये, १२८ बाइटमध्ये, पाच आठवड्यांत. मला तरी याला कचरा म्हणवत नाही.

तरीही तो खेळताना जीव उबगतो.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती आली होती, तेव्हा मी लॅपटॉपवर हा खेळ तिला लावून दिला. मुद्दाम काहीच सांगितलं नाही. आमच्या कामातला हा पहिला नियम आहे: वापरणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तिने ई.टी.ला दोन खड्ड्यांमधल्या हिरव्या पट्ट्यातून अगदी सांभाळून नेलं. पाय गवतावर होते, मला दिसत होते. तो पडला. ती थांबली, पडद्याच्या जवळ गेली, आणि म्हणाली, “मावशी, तो बाजूनं चालला होता ना? मग पडला कसा?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” पुन्हा वर काढलं, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा तिने मला विचारलंच नाही. “याला माझं ऐकू येत नाही,” एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. यंत्राची चिप दोन आकृत्यांचे ठिपके एकमेकांवर आले की तसं कळवते, आणि खेळात नियम असा होता की ई.टी.च्या शरीराचा कुठलाही ठिपका खड्ड्याला लागला की तो पडला. चित्र मात्र असं काढलंय की आपण त्याला समोरून, थोडं वरून पाहतोय. उभा माणूस असा दिसत असेल तर त्याचं डोकं मागच्या खड्ड्यावर आलेलं दिसणारच. म्हणून काही तो खड्ड्यात जात नाही. पाय कुठे आहेत त्यावर ते ठरतं. खेळणाऱ्याचे डोळे पायांकडे बघतात आणि यंत्र डोकंही मोजतं. त्यातून जो वैताग येतो त्याला कौशल्याने उत्तर देता येत नाही, कारण चूक काय झाली तेच समजत नाही.

वॉरशॉने स्वतः पुढे मुलाखतींमध्ये हा फरक सांगितला आहे. खेळणाऱ्याला अडवणं चांगलं, अडवल्याशिवाय खेळाला मजा नाही. पण त्याला गोंधळात टाकून चालत नाही. अडलेल्या मुलाला काय करायचं ते माहीत असतं, फक्त जमत नसतं. गोंधळलेल्याला काय झालं तेच कळत नाही. ई.टी.मध्ये पडदा बदलताच खड्ड्यात पडणारं मूल दुसऱ्या प्रकारचं असतं.

आणि ही गोष्ट ऑफिसात बसून कळत नाही. जो खेळ बनवतो त्याचा हात महिन्याभरात त्या खड्ड्यांना सरावलेला असतो. नकळत तो थोडं खालून वळतो, वर आल्यावर जॉयस्टिक आपोआप बाजूला नेतो. त्याला तो दोष दिसूच शकत नाही, तो कितीही हुशार असो. ते दिसायला नवीन हात लागतात. अटारीत खेळ मुलांना खेळायला देऊन पाहायची पद्धत होती. ई.टी.च्या वेळी वेळ नाही म्हणून व्यवस्थापनाने तेवढंच गाळलं. हे वाचलं तेव्हा मला पोटात कळ आल्यासारखं झालं. सणाच्या आधी बाजारात यायचंच अशा कामांत मी बसले आहे; तारीख सरकत नाही तेव्हा डिझाइन कापत नाहीत, जाहिरात कापत नाहीत, आमचे दिवस कापतात. कारण ते कापल्याचं लगेच कुणाला दिसत नाही.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. सुमारे ४० लाख कार्ट्रिज बनवली गेली. खेळ सुरुवातीला जोरात विकला गेला, सुमारे १५ लाख. अटारी २६००च्या भरपूर खपलेल्या खेळांत तो मोडतो, हे सांगायचं सगळे विसरतात. पण ४० लाखांच्या मानाने हा आकडा तोकडा होता, आणि मुलांनी खेळून पाहिल्यावर दुकानांतून माल परत येऊ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या पॅक-मॅनची एक कोटी वीस लाख कार्ट्रिज बनवून अटारीने तोच प्रकार आधीच केला होता. ७ डिसेंबरला कंपनीने वाढीचा अंदाज एकदम खाली आणला आणि वॉर्नरचा शेअर कोसळला. १९८३मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. सगळीकडून निघालेल्या सुमार खेळांनी दुकानं भरली होती, पालक कमोडोर ६४सारख्या घरगुती कॉम्प्युटरकडे वळत होते. एवढा मोठा धंदा एका कार्ट्रिजने बुडाला ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून सांगितली जाते.

सप्टेंबर १९८३मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यातून ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी गेला आणि तिथल्या कचरा डेपोत पुरला गेला. वर काँक्रीट ओतलं. लाखो ई.टी. वाळवंटात गाडले, अशी दंतकथा झाली. २६ एप्रिल २०१४ला तो डेपो उकरला गेला, त्यावर झॅक पेनने माहितीपट केला. सुमारे १३०० कार्ट्रिज वर आली. त्यांत ई.टी. होता, पण सेंटिपीड होता, मिसाइल कमांड होता, स्पेस इन्व्हेडर्स होता. नावाजलेले, लाडके खेळ. पुरलेला एकूण माल सात लाखांहून अधिक कार्ट्रिजचा होता असं अटारीच्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितलं, आणि त्यात ई.टी.चा वाटा लहान होता. नको झालेला साठा गोदामातून काढला गेला, बस. पण तीस वर्षं नाव मात्र एकाच खेळाचं, आणि त्यामागून एकाच माणसाचं घेतलं गेलं.

त्या दिवशी वाळूच्या वादळात वॉरशॉ तिथे उभा होता. अटारी सुटल्यावर त्याने बरीच कामं केली, शेवटी मानसोपचार शिकला, आणि सिलिकॉन व्हॅलीत तंत्रज्ञान क्षेत्रातल्या लोकांना समुपदेशन करू लागला. तारखांखाली पिचलेले इंजिनिअर त्याच्यापुढे येऊन बसत असतील तेव्हा त्यांना समोरच्याला फार काही समजावून सांगावं लागत नसेल, असं मला वाटतं.

२०१३मध्ये एका हौशी प्रोग्रामरने मूळ खेळाचा कोड उलगडून त्याची दुरुस्त प्रत लोकांसमोर ठेवली, कुठला बाइट का बदलला ते पायरीपायरीने सांगून. खड्ड्यात पडणं फक्त पायांवरून ठरेल असं केलं. शक्ती संपण्याचा वेग कमी केला. हिरवट ई.टी.ला सिनेमातला तपकिरी रंग दिला. खेळाचा आराखडा, नकाशा, नियम, फूल, सगळं वॉरशॉचंच ठेवलं. ही प्रत खेळताना मला सारखं वाटत होतं की मूळ खेळापासून हे अंतर किती थोडं आहे. चार-पाच मुलं, त्यांच्यामागे वही घेऊन बसलेला एक माणूस, आणि त्या वहीवरून कोडला पुन्हा हात लावायला मिळालेला एक आठवडा. दोन कोटी डॉलर मोजणाऱ्यांना तेवढं परवडलं असतं, हक्कांची बोलणी थोडी आधी आटोपली असती तर.

तुम्हाला खेळून बघायचा असेल तर आधी मॅन्युअल वाचा. ते इंटरनेटवर आहे आणि या खेळात ते वाचल्याशिवाय वरच्या पट्टीतल्या चिन्हांचा अर्थ लागत नाही. सुरुवातीला खेळाचा तिसरा प्रकार निवडा, त्यात मागे लागणारी माणसं नसतात, फक्त एलियट असतो. खड्ड्यातून वर आलात की लगेच जॉयस्टिक बाजूला न्या. आधी मूळ प्रत लावा, मग दुरुस्त केलेली. घरात लहान मूल असेल तर दोन्ही वेळा त्याच्या हातात द्या, शेजारी बसा, आणि ते काय म्हणतं ते लिहून ठेवा.